मित्सुच्या झाडाचा कचरा

नोव्हेंबर लागला की फुसाएचा पारा चढायचा, तो झाड पुरतं बोडकं झाल्यावरच उतरायचा. आमच्या गल्लीत सकाळी पहिला आवाज कावळ्याचा नसायचा, तिच्या खराट्याचा असायचा, आणि खराट्याच्या जोडीला तिच्या तोंडाचा पट्टा. "पानं आहेत की चादरी? दुसऱ्याच्या दारात पसरताना लाज कशी वाटत नाही या झाडाला?" बोलायची झाडाला, पण आवाज असा लावायची की समोरच्या घराच्या वरच्या खिडकीपर्यंत पोचावा. समोरचं घर मित्सुचं. झाडही मित्सुचंच.

झाड पर्सिमनचं, तेंडूच्या कुळातलं, आणि तेही तुरट जातीचं. फळ तसंच चावलं तर तोंड आखडून जातं, सोलून टांगून ठेवलं की मग कुठे गोड होतं. "फळं मालकिणीवर गेलीत," असं फुसाए म्हणायची. बुंधा मित्सुच्या कुंपणाच्या आत होता, पण फांद्या गल्ली ओलांडून फुसाएच्या दारावर वाकल्या होत्या. मित्सुच्या अंगणात पसाभर पानं पडली तर फुसाएच्या दारात टोपलीभर पडायची. क्योतोच्या उत्तर टोकाची आमची ही गल्ली इतकी अरुंद आहे की समोरासमोर दोन छत्र्या आल्या तर एकीला तिरकं व्हावं लागतं. त्यात या दिवसांत डोंगराकडून उतरणारा शिगुरे पाऊस. घटकाभर पडतो, थांबतो, ऊन दाखवतो, तुम्ही कपडे बाहेर काढलेत की पुन्हा पडतो. ओलं पान फरशीला असं चिकटतं की खराट्याला दाद देत नाही. वाकून नखाने सोडवावं लागतं.

आणि झाडण्याचा आमच्याकडे कायदा आहे. आपलं दार गल्लीच्या मधल्या दगडांपर्यंत झाडायचं आणि त्यापुढे वीतभर शेजारणीच्या हद्दीत जायचं. वीतभरही गेला नाहीत तर तुम्ही माणूसघाणे. वीतभरापेक्षा जास्त गेलात तर तुम्ही साऱ्या गल्लीला सांगितलंत की शेजारीण आळशी आहे, तिला तिचं दार झाडता येत नाही. हे कोणी शिकवत नाही. इथे जन्मलेल्याला ते आपोआप कळतं, आणि बाहेरून आलेल्याला चूक केल्यावर.

फुसाए बाहेरची. ताम्बाच्या डोंगरातली. तिच्या गावात जो आधी उठेल तो पुढची चार दारं झाडून टाकायचा, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. लग्न होऊन या गल्लीत आली त्या पहिल्याच पानगळीत तिने पहाटे उठून आपलं दार झाडलं, आणि हात चालतच होते म्हणून समोरचंही, थेट मित्सुच्या उंबऱ्यापर्यंत. मित्सु तेव्हा दोन मुलांची आई, गल्लीत मुरलेली. दार उघडून बाहेर आली, कमरेतून वाकली आणि गोड हसून म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास झाला."

फुसाए हवेत तरंगतच घरात गेली आणि सासूला कौतुकाने सांगू लागली. सासूच्या हातातल्या जेवणाच्या काड्या खाली पडल्या. "अगं, तू तिच्या तोंडावर थुंकून आलीस."

"मग जाऊन माफी मागते."

"माफी मागितलीस तर चूक सगळ्यांसमोर पुन्हा उगाळशील. आता गप बस."

ती गप बसली. दुसऱ्या दिवशी मित्सुने आपलं दार झाडलं आणि मधल्या दगडांवर येऊन थांबली. वीतभर पुढे आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फुसाए मात्र न चुकता रोज तिच्या हद्दीत वीतभर झाडायची, आणि पलीकडून वीतभर कधी आली नाही. वर्षं गेली, सासू गेली, मित्सुची मुलं मोठी झाली, खराटे झिजून बदलले, पण मित्सुचा खराटा दगडांवर येऊन थांबायचा तो थांबायचाच. एका अडाणी पोरीच्या एका सकाळच्या चुकीची एवढी सजा? फुसाएच्या पोटात तो निखारा कधी विझलाच नाही. समोरासमोर बोलायची सोय नव्हती, म्हणून तिने झाड धरलं. खराट्याच्या प्रत्येक फटकाऱ्यागणिक त्या पानांचा उद्धार करायचा, आणि गल्लीच्या बैठकीत दर वर्षी तोच विषय काढायचा. मित्सु तिथेही वाकून म्हणायची, "खरंच हो, किती त्रास." आणि झाड तिथेच.

पण एक गोष्ट फुसाएने कोणाला सांगितली नव्हती. खराटा हातात घेऊन ती बाहेर यायची आणि झाडायला लागण्याआधी उभी राहायची. मॅपलची पानं बघायला लोक तिकीट काढून देवळांत रांगा लावतात. मॅपल लाल होतो म्हणजे सगळाच लाल होतो, त्यात काय बघायचं, असं तिचं मत. पर्सिमनचं एक पान दुसऱ्यासारखं नसतं. एक शेंदरी, त्यात शिरा तेवढ्या हिरव्या राहिलेल्या. एक निम्मं पिवळं, निम्मं डाळिंबी. एकावर किडीने काळे ठिपके पाडलेले आणि ठिपक्यांभोवती पाऊस मुरून जांभळी कडी उठलेली. आणि हे सगळं फक्त ओलं असेपर्यंत. ऊन लागलं की दुपारपर्यंत पान तपकिरी होऊन वळतं, मग तो खरोखरच कचरा. त्या मेल्या चिकट पावसातच ते रंग जिवंत असायचे, काळ्या ओल्या दगडावर, तिच्या दारात.

त्यातलं एक ती उचलायची, धुवायची आणि सकाळच्या भाताबरोबर खारवलेल्या वांग्याची फोड त्यावर वाढायची. नवरा शुन्जी वरच्या मजल्यावर मागावर ओबीचे, म्हणजे किमोनोवर कमरेला बांधायचे पट्टे विणायचा, ती त्याला दोऱ्याच्या कांड्या भरून द्यायची. तो खाली यायचा, पान बघायचा आणि म्हणायचा, "आज बरं पडलंय." तिच्याशी बोलण्यात तेवढंच त्याचं कौतुक. तो वारल्यावर ती फोड घरातल्या त्याच्या नावाच्या देव्हाऱ्यासमोर ठेवू लागली, पानासकट. मग बाहेर जाऊन उरलेल्या पानांना शिव्या घालायची. यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नाही, आणि तिला विचारायची छाती कोणाची होती?

या वसंतात मित्सु पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलाने तिला नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं आणि बायकोला घेऊन स्वतः या घरात राहायला आला. त्याची बायको चिहारु कागोशिमाची, खूप दक्षिणेकडची. स्वच्छ मनाची, मोठ्याने हसणारी बाई. पण क्योतोची माणसं बोलतात एक आणि मनात असतं दुसरंच, असं तिच्या माहेरी सगळ्यांनी तिला घोकून पाठवलेलं. त्यामुळे आमच्यापैकी कोणी "आज थंडी आहे" म्हटलं तरी ती दचकायची.

पानगळ सुरू झाली त्या पहिल्या सकाळी फुसाए दार उघडून बाहेर आली आणि थिजली. फरशी लख्ख. आपलं दार झाडून चिहारुने फुसाएचंही झाडलं होतं, थेट उंबऱ्यापर्यंत. एक पान शिल्लक नव्हतं, आणि चिहारु खराटा घेऊन समोर हसत उभी. फुसाएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तोंड उघडलं तर बाहेर काय पडावं? ती कमरेतून वाकली आणि म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास झाला."

चिहारु खुलली. हवेत तरंगतच आत गेली. फुसाए मात्र तिथेच उभी राहिली, कारण ते वाक्य तिचं नव्हतं. मित्सुचं होतं. ती आता मित्सुवर चिडली, स्वतःवर चिडली, आणि त्या दिवशी शुन्जीसमोर ठेवायला पान नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून चिडली.

चिहारुला समजावून सांगायला घरात सासू नव्हती. ते काम आमच्या गल्लीचे प्रमुख नागाता-सान यांनी केलं. ताताम्या, म्हणजे घरात अंथरायच्या जाड चटया विणतात, गुडघ्यांनी अधू आहेत आणि दुसऱ्याच्या भानगडी सोडवायची त्यांना फार हौस. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण सोमवारी चिहारु हातात मिठाईचा डबा घेऊन फुसाएच्या दारात हजर. दोन्ही हातांनी डबा पुढे केला.

"फुसाए-सान, अगदी किरकोळ आहे, पण स्वीकारा."

"अहो, कशाला एवढं." फुसाएने डबा घेतला. इथे डबा घ्यायचा आणि मग कारण ऐकायचं, अशीच रीत आहे.

"गुरुवारी सकाळी थोडा आवाज होईल. झाड तोडायला माळी येतोय."

"अहो, त्यात कसला त्रास," फुसाए म्हणून गेली. जन्मभर डब्यानंतर हेच वाक्य म्हटलेलं, जिभेने विचारलंसुद्धा नाही. चिहारु वाकली, दार सरकवून गेली. मग काय ऐकलं ते फुसाएच्या डोक्यात शिरलं.

पहिला विचार आला डबा परत करायचा. पण तोवर तिने सवयीने तो शुन्जीच्या देव्हाऱ्यासमोर ठेवून घंटी वाजवली होती, आणि संतापाच्या भरात कागद फाडून एक चेस्टनटची वडी तोंडातही टाकली होती. खाल्लेल्या डब्याचा करार मोडता येत नाही. तिने रागाने आणखी दोन खाल्ल्या आणि तडक नागाता-सानचं घर गाठलं.

"कोणी सांगितलं झाड तोडायला?"

नागाता-सान सुई खाली ठेवून हसले. "अहो, तुमच्यासाठीच तर. दर बैठकीत तुम्हीच सांगत होतात ना? मित्सु-सान असेपर्यंत बोलायची सोय नव्हती. सून भली आहे, लगेच ऐकलं तिने."

"मी तोडा म्हटलं होतं?"

"मरायला टेकलं तरी मरत नाही मेलं, असं म्हणाला होतात. गेल्याच वर्षी."

"म्हणाले असेन. म्हणून तुम्ही मारायला निघालात? इतकी वर्षं या गल्लीत काढली तुम्ही, ताताम्यांत डोकं घालून बसला होतात काय? नुसतं ओरडणाऱ्या बाईचं बोलणं आणि खरोखर सांगणाऱ्या बाईचं बोलणं यातला फरक तुम्हाला कळत नाही?"

नागाता-सान खरोखर गोंधळले. "मग आता काय करायचं म्हणता?"

"तुम्ही काही करू नका. तुम्ही केलंत तेवढं पुरे झालं."

तिथून ती थेट चिहारुच्या दारात. आमच्याकडे मनातलं सरळ बोलणं म्हणजे गल्लीत उघडं फिरण्यासारखं आहे. फुसाएने ते केलं. "चिहारु-सान, झाड तोडू नका. मला ते आवडतं. त्याची पानं माझ्या दारात पडतात, ती मला हवी आहेत."

चिहारुचा चेहरा पांढराफटक पडला. ती जमिनीला कपाळ टेकवायचीच बाकी राहिली. "मला फार लाज वाटते. आम्ही इतका उशीर लावला म्हणून तुम्हाला असं बोलावं लागलं. बुधवारीच येता येईल का, माळ्याला विचारते."

"अहो, मी खरं बोलतेय."

"हो, हो. कळलं मला. खरंच कळलं."

"काय कळलं तुला, कपाळ?" फुसाए किंचाळलीच, आणि चिहारु रडायला लागली. म्हणजे झालं. फुसाए घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. जन्मात एकदा खरं बोलली, आणि त्याच एका वेळी तिचं बोलणं टोमणा ठरलं. दोष कोणाला देणार? गल्लीला, की त्या पोरीला तिखटमीठ लावून घाबरवणाऱ्या तिच्या माहेरच्यांना? फुसाएने सगळ्यांनाच दिला.

माळी काही बुधवारी आला नाही. बुधवारी दिवसभर शिगुरे पडत राहिला, आणि गुरुवारी उजाडलं तेव्हा झाडाने निम्मी पानं टाकली होती. फुसाए बाहेर आली. तिच्या हातात खराटा नव्हता.

सात वाजले, साडेसात झाले. सगळ्यांची दारं झाडून झाली आणि फुसाएच्या दारात पानांचा खच तसाच. आमच्या गल्लीत असं कधी झालं नव्हतं. शुन्जी गेला त्या सकाळीसुद्धा तिने दार झाडलं होतं. बायका दाराच्या फटीतून बघू लागल्या. नागाता-सान गुडघे चोळत कोपऱ्यावर येऊन उभे राहिले, जवळ जायची हिंमत नव्हती. फुसाए छत्री घेऊन आपल्या दारात ताठ उभी, आणि जो बघेल त्याच्याकडे अशी बघत होती की त्याने मान फिरवावी.

चिहारु धावत आली, हातात खराटा. "तुमची तब्येत बरी नाही का? मी झाडते, लगेच झाडते."

फुसाएने खराटा तिच्या हातातून हिसकावून घेतला. "एक पान उचललंस तर याद राख."

तेवढ्यात माळी हिरोसे शिडी खांद्यावर घेऊन गल्लीत शिरला. मित्सुच्या झाडाची छाटणी गेली कित्येक वर्षं तोच करायचा. त्याने शिडी कुंपणाला लावली, वर बघितलं, खाली बघितलं, आणि दोघींकडे बघून डोक्याचा रुमाल सोडला.

"तोडायचं म्हणजे, बुंध्यापासून?" त्याने चिहारुला विचारलं. "मित्सु-साननी सांगितलंय?"

"सासूबाईंना अजून कळवलं नाही. फुसाए-सानना त्रास होतो म्हणून..."

"त्रास?" हिरोसे म्हणाला. "दर वर्षी मित्सु-सान मला बजावायच्या, गल्लीवरच्या फांदीला हात लावायचा नाही. मी म्हणायचो, अहो, समोरच्या बाई शिव्या घालतात. तर म्हणायच्या, घालू दे. झाडायच्या आधी ती किती वेळ उभी असते, ते मी रोज वरून बघते."

पाऊस छत्र्यांवर वाजत राहिला. चिहारुने फुसाएकडे बघितलं, मग खाली बघितलं. पानांनी फरशी झाकली होती, पाय ठेवायला जागा नव्हती, आणि फुसाए तिथे सकाळपासून उभी होती. तिच्या लाकडी चपला दोन पानांच्या मधल्या फटींत होत्या, एक इकडे, एक तिकडे, टाचा उचललेल्या. एकाही पानावर तिचा पाय नव्हता.

"हिरोसे-सान," चिहारु हळूच म्हणाली, "शिडी काढा. मी चहा टाकते."

फुसाएने ते ऐकलंही नाही. ती वर, मित्सुच्या बंद खिडकीकडे बघत होती, आणि तिच्या कानशिलावरची शीर उडत होती. म्हणजे बाईने बघितलं होतं. रोज. सगळं ठाऊक असून तिला ओरडू दिलं, बैठकीत नाचू दिलं, वर वाकून वाकून "किती त्रास" म्हणत राहिली. फांदी मुद्दाम वाढवली आणि वीतभर जागा मात्र दिली नाही. कृतज्ञ वगैरे व्हायचा फुसाएचा स्वभाव नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिने घरातून प्लास्टिकची पिशवी आणली आणि खाली बसून पानं वेचायला लागली. सरसकट नाही. एक उचलायची, बघायची, ठेवायची, दुसरं घ्यायची. पिशवीत ओंजळभर पाणी घातलं, गाठ मारली आणि घरातल्या कपड्यांवरच बस पकडायला गेली.

वृद्धाश्रमात सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे, खिडकीबाहेर मोटारींचा तळ. मित्सु पलंगावर टेकून बसली होती, पुढ्यात जेवणाचं सरकतं टेबल. किती वाळली होती. फुसाएला बघून तिने चष्मा नीट केला. फुसाएने नमस्कार केला नाही, तब्येत विचारली नाही. पिशवीची गाठ सोडली आणि पाण्यासकट सगळी पानं टेबलावर ओतली. शेंदरी, डाळिंबी, काळ्या ठिपक्यांची, जांभळ्या कडांची. पाणी टेबलावरून ओघळून चादरीवर गेलं.

"तुमच्या झाडाचा कचरा," ती म्हणाली. "जन्मभर मी झाडला. आता तुम्ही झाडा."

मित्सुने एकेक पान न्याहाळलं. मग बसल्याजागी, जमेल तेवढी कमरेतून वाकली. "माझ्यामुळे तुम्हाला किती त्रास झाला."

"झालाच," फुसाए म्हणाली. असं उत्तर आमच्या गल्लीत आजवर कोणी कोणाला दिलं नव्हतं.

मित्सुने हाताची कड टेबलावर टेकवली आणि आपल्या बाजूची पानं सावकाश पुढे सारायला सुरुवात केली. एखादं ओलं पान चिकटून राहायचं, ते ती नखाने सोडवायची. टेबलाच्या मध्यावर येऊन हात थांबला. फुसाएचं सगळं लक्ष त्या हाताकडे होतं. मग तो हात वीतभर पुढे आला.

"उशीर केलात," फुसाए म्हणाली, आणि खुर्ची ओढून उरलेला भाग झाडायला बसली.